लग्नपत्रिकांची काडतुसं

लग्नाआधी मी घरी बंदुकीची काडतुसं भरायचे, असं मी नातीला सांगितलं तेव्हा ती आधी उठली आणि फ्लॅटचं दार लावून आली. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये दारं संध्याकाळी उघडीच असतात, समोरच्या कॉरिडॉरमधून शेजारच्या चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालत जातात येतात. इरा परत येऊन सोफ्यावर बसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज्जी, सो लाउड फॉर व्हॉट? नेबर्स विल कॉल पोलीस, लाह!" तिच्या शाळेत मुली एअर रायफल चालवायला शिकतात, तीही शिकते, म्हणून तर विषय निघाला होता. मी म्हटलं, "अगं, त्याला पन्नास वर्षं होत आली. आणि ते कोकणात, सरकारी परवान्याने." "स्टिल," ती म्हणाली. मग कुतूहल काही लपेना. "बट हाऊ, आज्जी? ॲट होम? लाइक, किचनमध्ये?" किचनमध्ये नाही, पडवीत, मी म्हटलं. पडवी म्हणजे काय हे सांगण्यातच तिची क्लासला जायची वेळ झाली आणि बाकीचं राहून गेलं. ते राहिलेलं मी इथे लिहिते आहे. इरा मराठी वाचत नाही, तेव्हा तिच्यासाठी लिहिते असं म्हणणं काही खरं नाही.

आमचं घर सावंतवाडीच्या पुढे, जिथे रस्ता डोंगराकडे वळतो त्या अंगाला होतं. मंगलोरी कौलांचं, चार खोल्यांचं, पुढे लांबट पडवी, मागे विहीर आणि मग उतरत उतरत ओढ्यापर्यंत गेलेली आमची शेती. भात तर होतंच, पण वरच्या तुकड्यात आई कणगर, सुरण, रताळी असं जमिनीखालचं सगळं लावायची, आणि रानडुकरांना तेच सर्वांत प्रिय. एका रात्रीत कळप येऊन असा तुकडा नांगरल्यासारखा उलथून टाकायचा, आणि सकाळी शेजारचा बाबल अंगणात येऊन डोक्याला हात लावून ओरडायचा, "डाक्टरांनू, डुकरांनी सगळी कणगरां खाल्ल्यानी!" डाक्टर म्हणजे माझे बाबा. ते डॉक्टर नव्हते, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, पण खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि बाबा रोज असायचे, तेव्हा गावाच्या लेखी डॉक्टर तेच. शेतीच्या राखणीसाठी मिळालेली एकनळी बंदूक आमच्याकडे होती. ती माजघरात उंच खुंट्यांवर आडवी असायची, आणि तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही असा दंडक असल्यामुळे आम्ही बघायचो नाही असं दाखवत सारखं बघायचो.

विकतची काडतुसं महाग पडायची आणि पावसाळ्यात फुगायची. म्हणून बाबांनी पितळेची काडतुसं घेऊन ठेवली होती. एकदा उडवलं की रिकामं पितळ जपून आणायचं, धुवायचं आणि पुन्हा भरायचं. अशी ती वर्षानुवर्षं चालली. भात पोटरीत आलं की एक रविवार काडतुसांचा ठरायचा. त्या दिवशी आई पहाटेच सगळा स्वयंपाक उरकायची, कारण नंतर घरात विस्तव म्हणून ठेवायचा नाही. चूल पाणी मारून विझवलेली, देवापुढचं निरांजन शांत केलेलं, आणि बाबलसुद्धा विडी अंगणाच्या पार बाहेर, आंब्याखाली टाकून यायचा. दुपारचं जेवण गार. घावणे, खोबऱ्याची चटणी, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर आणि वाडगाभर सोलकढी. आजही माझ्या जिभेला किसमूर म्हटलं की रविवार आठवतो. लिटिल इंडियात सुकी सुंगटं मिळतात, मी आणते, खोबरं-कांदा घालून करते, नवरा बोटं चाटतो, पण घरात गॅस चालू असताना खाल्लेल्या किसमुरीला ती चव येत नाही, हे कुणाला कसं सांगणार?

पडवीत घोंगडी पसरायची. एका बाजूला चिंचेच्या पाण्यात उकळून, राखेने घासून, उन्हात वाळवलेली पितळी नळकांडी सुपात चमकत असायची. त्यांना घासायचं काम पहिल्यापासून माझं. दुसऱ्या बाजूला दारूचा डबा, छऱ्यांची थैली, टोप्यांची चपटी डबी. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी तांब्याची एवढीशी वाटी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. आणि मध्ये बाबांचा दवाखान्यातला जुना तराजू, ज्याच्यावर कधी काळी चूर्णं नि भुकट्या तोलल्या जायच्या. निकामी झाला म्हणून तो त्यांनी मागून घेतला होता आणि स्वतः दुरुस्त केला होता. बाबांनी दारू कधी अंदाजाने ओतली नाही. पारड्यात कागदाचा कपटा, त्यावर काळी दारू, आणि काटा मध्यावर येईपर्यंत श्वास रोखून बघत राहायचं. मग दारूवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर जुन्या घोंगडीचा दाबलेला तुकडा, त्यावर छरे, वर पुन्हा पुठ्ठ्याची चकती आणि कडेने मेणाचं बोट. ते मेण आई सकाळीच तेल घालून वितळवून ठेवायची, म्हणजे दिवसभर मऊ राहायचं. शेवटी बाबा कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून चकतीवर आकडा काढायचे, आत कोणत्या जाडीचे छरे आहेत ते कळावं म्हणून. त्यांची जीभ दिवसभर जांभळी.

चकत्यांसाठी जाड, कडक पुठ्ठा लागायचा आणि आमच्याकडे तसा पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. कंपाउंडरला गावोगावची आमंत्रणं. वर्षभराच्या पत्रिका आई तांदळाच्या डब्यामागे साठवायची आणि त्या रविवारी बाबा लोखंडी गोल पोगराने त्यांच्या चकत्या पाडायचे. ठक्, ठक्, ठक्. दुपारभर तो आवाज. कुठल्या चकतीवर अर्धा गणपती, कुठल्या चकतीवर नुसतंच "चि. सौ. कां.", कुठे "आहेर स्वीकारला जाणार" एवढंच, "नाही" दुसऱ्या चकतीवर गेलेलं. मी ती वाचून दाखवायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. "बिचारी! लग्न झालं नि डुकराच्या पाठीवर जाऊन बसली," असं ती म्हणायची.

भरायला मी बसले ती मोठ्या भावामुळे. तो नोकरीसाठी मुंबईला गेला आणि बाबांच्या समोरची जागा रिकामी झाली. मी तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. घासलेलं सूप त्यांच्याजवळ ठेवून मी उठले नाही, तशीच बसून राहिले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाय, हात धू. कोरडे कर. बांगड्या काढ." एवढंच. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मुलीच्या जातीला हे कशाला शिकवता?" तर ते म्हणाले, "तोलायला जात लागत नाही. हात स्थिर लागतो." त्या दिवशी त्यांनी मला फक्त चकत्या बसवू दिल्या. लाकडी दांडीने हलकेच दाबायचं, खाली पोकळी राहता कामा नये, नि जोरही होता कामा नये. दुसऱ्या वर्षी छरे. तिसऱ्या वर्षी तराजू माझ्यापुढे सरकला. दारूचं माप त्यांनी दाखवलं तसंच घ्यायचं, त्यात एक कणही आपली हुशारी चालवायची नाही. भरताना बोलायचं नाही. कुणी हाक मारली तर हातातलं काडतूस पुरं करूनच ओ द्यायची, आणि मध्ये उठावंच लागलं तर ते रिकामं करून पहिल्यापासून भरायचं. "अर्धं भरलेलं काडतूस म्हणजे अर्धं सांगितलेलं औषध," ते म्हणायचे. शाळेत कुणी मला इतक्या गंभीरपणे काही शिकवलं नव्हतं. मला ते फार आवडलं. भरून झालेली काडतुसं ओळीने उभी करताना मला जे वाटायचं ते पुढे बँकेच्या परीक्षा पास होतानाही वाटलं नाही.

मग एक दिवस बाबांनी दवाखाना सोडला. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. कारण विचारणाऱ्याला ते सांगायचे, आता शेतीकडे लक्ष द्यायचंय. आईला ते पटलं नव्हतं, पण तिने वाद घातला नाही. त्याआधी ते एकटेच बेळगावला जाऊन आले होते आणि येताना नवा चष्मा घेऊन आले होते. नंबर वाढलाय, म्हणाले. पण नव्या चष्म्यानेही ते दाराच्या चौकटीला खांदा घासून जायचे. समोर ठेवलेला तांब्या दिसायचा, त्याच्या शेजारचं भांडं दिसायचं नाही. हाक मारली तर मान पूर्ण वळवून शोधायचे. आज मला माहीत आहे की तो काचबिंदू होता, कडेकडेने नजर खात आत सरकणारा. इथे दरवर्षी पॉलिक्लिनिकमध्ये माझा डोळ्यांचा दाब तपासतात, घरात आहे म्हणून. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की चकतीवरचे आकडे वाकडे यायला लागलेत, चकती सोडून मेणावर जायला लागलेत. एकदा आई मला विहिरीवर म्हणाली, "त्यांना काही बोलू नकोस. तू बसत जा बरोबर, म्हणजे झालं." मी बसायचे. पण कॉलेजमुळे मला सावंतवाडीला राहावं लागायचं, आणि रविवार मला विचारून येत नव्हता.

त्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तेव्हा काडतुसं भरून झाली होती. बाबांनी एकट्याने भरली होती. "जमलं मला," ते म्हणाले, जरा जास्तच सहज. फळीवर ती ओळीने उभी होती. सगळ्यांवर मेण नीट होतं, उलट नेहमीपेक्षा जास्त. आकडे मात्र त्यांनी घातलेच नव्हते. दोन दिवसांनी पहाटे ते मला हलवून म्हणाले, "चल, मांगराकडे जाऊया. बाबल म्हणतो उजाडताना येतात." मांगर म्हणजे वरच्या तुकड्याच्या कडेची आमची शेतातली झोपडी. मी शाल गुंडाळली आणि निघाले. वाट त्यांच्या पायाखालची होती, तिथे ते माझ्यापेक्षा भराभर चालायचे.

मांगराच्या पुढे गवताच्या पेंढ्या रचून आडोसा केला होता. त्यामागे आम्ही बसलो, बाबा आणि त्यांच्या उजव्या हाताला मी. माझं काम ठरलेलं. उडवलेलं काडतूस बाहेर पडलं की ते झेलायचं, पितळ चिखलात जाऊ द्यायचं नाही. दव इतकं पडलं होतं की गवतातून टपटप आवाज येत होता. उजाडत चाललं तसा कणगराच्या वेलांमध्ये आधी घुर्र ऐकू आलं, मग चपचप चावल्याचा आवाज, आणि मग मला ते दिसलं. मोठं, एकटं, पाठीवर केस उभे असलेलं डुक्कर नाकाने सरळ माती उलथत होतं. बाबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, हळूहळू, ते त्यांच्या नजरेच्या त्या लहानशा गोलात येईपर्यंत. मग त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

टक् झालं. त्यामागे एक बारीक फुस्स. बस. ना धडाका, ना धूर, ना खांद्याला धक्का. डुकराने मान वर केली, जरा ऐकलं आणि पुन्हा खायला लागलं. बाबांनी बंदूक तशीच पुढे रोखून धरली. कधी कधी काडतूस उशिरा पेटतं, म्हणून थांबायचं असतं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. पुरेसा वेळ गेल्यावर ते पुटपुटले, "टोपी सर्दावली." त्यांनी बंदूक मोडली, म्हणजे नळी पुढे झुकवली, आणि काडतूस सवयीने मागे टाकलं. ते माझ्या ओंजळीत पडलं. दुसरं त्यांनी खिशातून काढलंसुद्धा.

माझ्या हातातलं काडतूस हलकं होतं. टोपी सर्दावली असती तर ते भरलेलंच बाहेर पडायला हवं होतं, छऱ्यांच्या वजनासकट. हे रिकामं होतं. आणि उडालेलं असतं तर गरम असायला हवं होतं. हे गार होतं. म्हणजे आतले छरे नि चकत्या काडतुसातही नव्हत्या आणि बाहेरही गेल्या नव्हत्या. हे सगळं लिहायला मला एवढ्या ओळी लागल्या. तेव्हा ते माझ्या डोक्यात एकदम आलं. बाबांचं दुसरं काडतूस नळीच्या मागच्या तोंडाशी पोहोचलं होतं, आणि आत काळोख होता. मी हात पुढे केला आणि पंजा सरळ त्या तोंडावर दाबून धरला.

"बाबा, थांबा."

"हात काढ."

"नाही काढणार. नळीत अडकलंय."

"शैला, हात काढ म्हणतोय ना!" ते ओरडले. बाबा माझ्यावर त्याआधी कधी ओरडले नव्हते. डुक्कर उधळलं, वेल तुडवत ओढ्याकडे पळालं. बाबलचा कुत्रा कुठूनसा भुंकायला लागला. मी हात काढला नाही. लोखंड दवाने थंडगार होतं. मी म्हटलं, "एरवी इथून बघितलं की आभाळाचा गोल दिसतो. आज काळोख आहे. तुम्ही बघा हवं तर." आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले.

ते बघायला वाकले नाहीत. हातातलं काडतूस त्यांनी परत खिशात टाकलं. मग म्हणाले, "हीर आण." मांगरात नारळाच्या हिरांची केरसुणी होती. तिच्यातला एक लांब हीर उपसून मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मागच्या तोंडातून आत सारला. थोडासाच आत गेला आणि अडला. त्यांनी तो अडला तिथे अंगठ्याने धरला, बाहेर काढला आणि नळीवरून बाहेरच्या अंगाने बोटं फिरवत ती जागा शोधली. तिथे त्यांचं बोट थांबलं. त्यावर दुसरं काडतूस उडालं असतं तर नळी तिथेच फाटली असती. त्यांचा डावा हात बंदूक धरताना जिथे असायचा, त्याच्या थोडं अलीकडे.

"ह्यात दारूच नव्हती," ते म्हणाले. दवाखान्यात पेशंटला सांगावं त्या आवाजात. "टोपीने नुसतं पुढे ढकललं."

"हो."

"मी भरलं होतं."

चांगलं उजाडलं होतं. वेलांच्या उलथलेल्या मातीत खाल्लेली कणगरं पांढरी दिसत होती. बाबांनी बंदूक माझ्याकडे दिली, उठले, आणि दोन पावलं टाकून थांबले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती वाट ते डोळे मिटून चालू शकले असते, तरी घरापर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.

आईने आम्हाला अंगणातून येताना बघितलं आणि तिला काही सांगावं लागलं नाही. तिने चहाचं आधण उतरवलं आणि आपण होऊन चुलीवर पाणी मारलं. बाबा पडवीत बसले आणि नळीत अडकलेलं सगळं त्यांनी लांब काठीने ढकलून बाहेर काढलं. "सगळी आण," ते मला म्हणाले. फळीवरची सगळी काडतुसं मी घोंगडीवर आणली आणि आम्ही ती एकेक करून उघडली. मेण खरवडायचं, चकती काढायची, छरे वाटीत ओतायचे, दारू कागदावर घेऊन तराजूत टाकायची. मी काटा वाचायचे, ते ऐकायचे. बहुतेकांत दारू बरोबर होती, तीही कणाच्या फरकाने बरोबर. दोनांत दारूच नव्हती. आणि एकात दुप्पट होती. "दुप्पट," मी म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा तोल." मी पुन्हा तोलली. "दुप्पटच आहे, बाबा." आई दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला. घोंगडीवरून घरंगळलेले छरे ती खाली बसून वेचायला लागली, तांदळातले खडे वेचावेत तसे.

सगळं उघडून झाल्यावर बाबांनी चाचपत तराजू शोधला, दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "आजपासून तू," ते म्हणाले. "मी ऐकेन." आणि त्यांनी खरंच ऐकलं. त्यानंतर मी भरायचे आणि ते भिंतीला टेकून बसायचे. चकती दाबल्याच्या आवाजावरून ते सांगायचे, पोकळी राहिली. भरलेलं काडतूस कानाशी हलवून सांगायचे, छरे सैल आहेत, वरची चकती बदल. त्या पहिल्या दिवशी मी भरलेलं काडतूस पुढच्या पहाटे मीच उडवलं, त्यांच्या सांगण्यावरून, हवेत. डुक्कर मरावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती, आवाजाने कळप पळाला तरी पुरे होतं. खांद्याला असा दणका बसला की मी पेंढ्यांवर मागे पडले. काळ्या दारूचा पांढरा धूर शेतावर पसरला, अंडं नासल्यासारखा वास, कान बधिर. बाबा हसत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना बघितलं. "पुरी भरलीस," ते म्हणाले. पुढे परवान्यावर राखणदार म्हणून माझं नाव लागलं. तहसील कचेरीतल्या कारकुनाने तीनतीनदा विचारलं, "मुलीचं? मुलीचंच ना?" आणि बाबांनी दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगितलं, "मुलीचंच."

दोनेक वर्षांत त्यांच्या नजरेचा उरलेला गोलही मिटला. त्याच सुमारास मला बघायला पुण्याहून मंडळी आली. होणाऱ्या सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला काय काय येतं? आईने शिवण, रांगोळी, पुरणपोळी अशी गाडी चालू केली होती, तेवढ्यात बाबा कौतुकाने म्हणाले, "आणि दारू उत्तम भरते." पोह्याची बशी सासूबाईंच्या हातात तशीच राहिली. आणि मग मुलगा, म्हणजे हे, इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. बाबांनी घाईघाईने बंदुकीची, बंदुकीची असा खुलासा केला, पण माझा निर्णय त्या ठसक्यालाच झाला होता. लग्नाआधी बाबांनी बंदूक पोलिसांकडे जमा केली. शेत बाबलला खंडाने दिलं. आमच्या पत्रिकेच्या चकत्या मात्र कुणी पाडल्या नाहीत, ह्याचं आईला वाईट वाटलं होतं.

बँकेने ह्यांना सिंगापूरला पाठवलं आणि आम्ही इथलेच झालो. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. सत्तरीच्या घरात, पांढरी काठी घेऊन. आल्या आल्या दिवाळीला त्यांनी विचारलं, "फटाके कुठे आहेत?" मी सांगितलं, इथे बंदी आहे. "मग कानांनी करायचं काय?" म्हणाले. पण त्यांनी कानांना काम शोधलं. कोणती लिफ्ट आली, आंटींच्या चपला की त्यांच्या नवऱ्याच्या, खाली हॉकर सेंटरमध्ये कोणत्या स्टॉलवर कढई तापली, सगळं सांगायचे. माझा मुलगा, इराचा बाप, तेव्हा शाळेत होता. बसस्टॉपवरून तो येताना कॉरिडॉरच्या टोकाशी असतानाच ते म्हणायचे, "आला. आज पेपर बरा गेलेला दिसत नाही."

एका रविवारी सकाळी आम्ही डायनिंग टेबलापाशी होतो. बाबा लसूण सोलत होते, हे पेपर वाचत होते, मी गॅसवर डाळ ठेवत होते. ह्यांच्या बँकेत कुणीतरी मुदतीआधी निवृत्त झालं होतं, त्यावरून ह्यांनी सहज विचारलं, "बाबा, तुम्ही दवाखाना एवढ्या लवकर का सोडलात?" मला वाटलं, ते शेतीचंच कारण सांगतील.

"दिसेनासं झालं म्हणून," बाबा म्हणाले. "बेळगावच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. औषधाच्या बाटलीत चूक झाली तर ती दुसऱ्याच्या पोटात जाते. ते चालणार नव्हतं."

"आणि काडतुसं?" मी तशीच वळून विचारलं. इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. "ती तर तुम्ही भरत राहिलात."

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. "त्याचं मला काही वाटत नव्हतं. म्हटलं, चुकलं तर फुटेल माझ्याच हातात. डोळे गेल्यावर तसंही काय राहणार होतं?" ते जरा थांबले. "तू हात मध्ये घातलास तेव्हा राग आला मला. फार राग आला. घरी येताना तुझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं की तू किती जवळ बसली होतीस. तोवर मी हा विचारच केला नव्हता, बाय. ती नळी फुटली असती तर तू माझ्या उजव्या हाताला होतीस."

ह्यांनी पेपर खाली ठेवला होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये आंटींच्या झारीतून पाणी पडत होतं. मी गॅस बंद केला आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. लसूण अजून बराच उरला होता. अर्धा मी माझ्याकडे ओढून घेतला.